सहवासकाळ

तिसऱ्या हाळीनंतरही समुद्र गप्पच राहिला.

करंजवेळच्या बंदरावरील केंद्रात मिथिला तारी कानांवर ध्वनियंत्र चढवून बसली होती. खिडकीबाहेर बांगड्याच्या हंगामातली नितळ सकाळ पसरली होती. पाण्यावर ऊन असे सांडले होते, की जणू कुणी रात्रभर जपलेली चांदी एकदम उधळून टाकावी. आणि त्या सगळ्या झगमगाटाच्या तळाशी, तिच्या कानांत, केवळ एक खरखर होती. मघा त्याच खरखरीतून तिच्या वडिलांचा आवाज आला होता. "होऽ रे झिलाऽ!" पहिली हाळी नेहमीसारखी, मुलाला घातलेली, हसरी. दुसरी किंचित ताणलेली. तिसरीत विचारणे उरलेच नव्हते. दार लावण्यापूर्वी माणूस ओसरीवर एकदा नजर टाकतो, तशी ती हाळी होती.

करंजवेळचे तांडेल, होडीचे म्होरके, जोडीने मासे मारतात. एकाच जाळ्याची दोन टोके दोन होड्यांवर, आणि जाळे आवळण्यापूर्वी थोरल्या होडीवरून हाळी. दुसऱ्या होडीने लगेच "होऽय" म्हणायचे, की मग दोन्हीकडचे दोर एकदम ओढायचे. या हाळीला आणखी एक अर्थ होता, आणि तो कुणी कधी शब्दांत सांगत नसे. जोडी मोडण्याची गोष्ट समुद्रावर तोंडातून काढणे अशुभ. म्हणून ज्याला सुटायचे असेल, त्याने फक्त उत्तर द्यायचे नाही. तीन हाळ्या कोरड्या गेल्या, की थोरल्याने समजून घ्यायचे. किनाऱ्यावर आल्यावर दोघांपैकी कुणीही त्याविषयी अवाक्षर बोलायचे नाही. दिवस मावळण्यापूर्वी जाळे मधोमध कापायचे आणि आपापले अर्धे उचलून चालू लागायचे.

"जयवंता, जाळां वर घे," वडिलांनी आपल्या खलाशाला सांगितलेले मिथिलाला ऐकू आले. आवाज अगदी साधा होता. "घराक जावया."

मग त्यांनी बोलण्याचा डबा बंद केला. पडद्यावरचा त्यांचा हिरवा ठिपका करडा झाला.

आणि त्यानंतर, घरात कुणी नाही हे ठाऊक नसलेल्या पाहुण्याने पुन्हा पुन्हा कडी वाजवावी तसे, एकामागून एक तीन आवाज आले. "होऽय बाबा!" "होऽय!" "होऽय, बाबा, ओढू मां?" तिच्या धाकट्या भावाचा, साईशचा आवाज. तिन्ही उत्तरे वेळेवर निघालेली होती. वाटेत त्यांना फार उशीर झाला होता.

मिथिलाने पडद्याकडे पाहिले. दोन होड्या एकमेकींना डोळ्यांनी दिसतील इतक्या जवळ होत्या; इंजिनांच्या घरघरीत तोंडी हाक तेवढी पोचली नसती. तरीही साईशचा आवाज थेट वडिलांकडे गेला नव्हता. तो दक्षिणेकडच्या होड्यांकडे गेला, तिथून बाहेरच्या खोल पाण्यात, तिथून वळसा घेऊन, प्रत्येक होडीच्या रांगेत थांबत थांबत परत आला होता. ही वाट कुणा चुकार यंत्राने आखलेली नव्हती. ती मिथिलाने स्वतः लिहिलेल्या गणिताने आखली होती, आणि त्या गणिताने आपले काम चोख बजावले होते.

*

किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांचा टप्पा संपला, की पुढचा समुद्र पूर्वी मुका असे. उपग्रहाची यंत्रे बड्या ट्रॉलरांना परवडत. लहान होड्या देवाच्या भरवशावर जात आणि येत. 'साखळी' त्यांच्यासाठी होती. प्रत्येक होडीवर एक लहान पेटी बसवायची, जिला बंदरावरचे सगळे 'डबो' म्हणत. ती आपल्या टप्प्यातल्या होडीशी बोलेल, ती होडी पुढच्या होडीशी, आणि असा एकाचा निरोप दुसऱ्याच्या खांद्यावरून तिसऱ्याकडे जाईल. मालक कुणीच नाही. प्रत्येक जण इतरांचा निरोप्या.

अडचण एवढीच, की मनोरा जागचा हलत नाही आणि होडी हलते. मिथिलाने उमेदीची वर्षे या एका अडचणीच्या सहवासात घालवली होती. प्रयोगशाळेत ती पडद्यावर ठिपके पळवीत असे आणि त्यांच्यामधल्या वाटा मोडताना पाहत असे. काही पद्धती सगळ्या वाटा आधीच पाठ करून ठेवीत. ठिपके भरभर हलू लागले, की ते पाठांतर गतवर्षीच्या पंचांगासारखे निरुपयोगी होई. काही पद्धती गरज पडेल तेव्हा हाका मारून वाट शोधीत. पण हालचाल वाढली, की वाटा मोडत, मोडल्या की पुन्हा हाका, आणि अखेरीस हाकांचाच एवढा कल्लोळ माजे, की निरोपाला जागाच उरत नसे. आलेखावर वेगाची रेघ जसजशी उजवीकडे सरके, तसतशी पोचलेल्या निरोपांची रेघ मान टाकी आणि विलंबाची रेघ वर चढे.

उत्तर तिला प्रयोगशाळेत सापडले नाही. सुट्टीत ती गावी आली असताना वडिलांच्या होडीवर बसून निघाली होती. शेजारून साईशची होडी धावत होती. दोन्ही होड्या वाऱ्याला मागे टाकीत चालल्या होत्या, किनारा मागे पळत होता, आणि साईश मात्र जागच्या जागी उभा होता. तो हसत होता, तिला चिडवण्यासाठी हातातला बांगडा नाचवीत होता, आणि त्याच्या दातांमधली फटसुद्धा तिला दिसत होती. तेव्हा तिला उमगले, की वाट वेगाने मोडत नाही. दोघांच्या वेगांतल्या अंतराने मोडते. जे बरोबर धावतात ते एकमेकांच्या दृष्टीने स्थिरच असतात.

तिथून पुढचे गणित सरळ होते. दोन होड्यांमधले अंतर आणि दिशा कशी बदलते, हे आठवडेच्या आठवडे पाहत राहायचे आणि त्यावरून अदमास बांधायचा, की या दोघी आणखी किती काळ एकमेकींच्या टप्प्यात राहतील. त्या आकड्याला तिने नाव दिले 'सहवासकाळ'. प्रबंधाच्या मार्गदर्शकांना ते नाव फार काव्यात्म वाटले होते. तिने बदलले नाही. ज्यांचा सहवासकाळ मोठा, त्यांच्यातून वाट न्यायची. ज्यांचा कमी झाला, त्यांना तुटण्याआधीच सोडून द्यायचे, म्हणजे तुटल्याचा धक्का निरोपांना बसणार नाही. साखळी तेव्हापासून अशी घट्ट झाली, की मागच्या वादळात इशारा न मिळालेली एकही होडी उरली नव्हती. त्या दिवशी बंदरावरच्या बायांनी मिथिलाच्या तोंडात साखर घातली होती.

त्या साऱ्या जाळ्यात सर्वांत मोठा सहवासकाळ एका जोडीचा होता: तिचे वडील दिगंबर तांडेल आणि त्यांचा मुलगा साईश. दुसऱ्यांचे निरोपही वाट वाकडी करून या दोघांमधून जात. मिथिलाला त्याचा कोण अभिमान! आपल्या घरातली माया गणिताने सिद्ध झाल्यासारखे तिला वाटे.

दिवाळीपासून तो आकडा वितळत चालला होता. आधी तिने डब्याला दोष दिला. डबा ठणठणीत निघाला. मग तिने पडद्याच्या त्या कोपऱ्याकडे पाहणेच टाळले. यंत्र सांगत होते, की साईश लवकरच बाबांना सोडून जाणार. आणि ज्याच्या बोलण्यावर सगळे बंदर विश्वास ठेवीत होते, त्याला खोटे कसे म्हणावे, हे तिला कळत नव्हते.

*

दुपारी जेवणे झाली ती भांड्यांच्या आवाजात.

"दोन होडये गेले नि पाटी अर्धी इली," आई वाढता वाढता म्हणाली. "बांगड्यांनी आज उपास धरल्यानी काय?"

कुणी हसले नाही. आईने आळीपाळीने तिघांकडे पाहिले. "माज्या घरात मुक्या माणसांची खानावळ केवा उघडली, ता तरी सांगा."

"सांजेक जाळां कापूचा हा," वडील म्हणाले.

आईच्या हातातला डाव भातावरच थांबला. ती तांडेलाची मुलगी होती आणि तांडेलाची बायको. जोडीची रीत तिला कुणी सांगायला नको होती. मग ती एवढेच म्हणाली, "सोलकढी घेवा. नायतर परत म्हणशात, पित्त झाला."

साईश पानाकडे पाहत होता. "बरां," तो म्हणाला, आणि अर्धे पान टाकून हात धुवायला गेला. त्याच्या पाठीवरच्या सदऱ्याला घामाचा आणि मिठाचा पांढरा नकाशा उमटला होता. वडिलांनी मान फिरवली, पण ती त्याच्या दिशेने नव्हे. कुठेतरी त्याच्या बाजूच्या भिंतीकडे. गेले काही महिने ते असेच करीत. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न पाहता कानाच्या पलीकडे पाहत. म्हातारपणी माणूस मानी होतो, असे मिथिलाने मनाशी म्हणून ठेवले होते.

"बाबा," तिने सुरुवात केली.

"जेव गो चेडवा," ते मायेने म्हणाले. "थंड जाता."

*

साईश खाडीच्या काठाला, आपल्या होडीत गुडघ्यांवर बसून इंजिन पुसत होता. ओहोटी लागली होती, चिखलात खेकड्यांची बिळे उघडी पडली होती. मिथिला चपला हातात घेऊन होडीजवळ गेली.

"तू हाळयेक उत्तर दिलंस," ती म्हणाली. "माका ऐकाक इला."

"दिलंय म्हणजे? देवचंय नाय काय?" त्याने वर पाहिले नाही. "तीनय वेळा दिलंय. तोच काय बोलाक नाय. होडी फिरवल्यान नि इलो घराक. आता जाळां कापता म्हणता. कापूदे."

"तेका तुजा उत्तर पोचलाच नाय, साईश. तेना डबो बंद केल्यान, त्याच्या मागसून पोचला."

फडके थांबले. त्याने ते सावकाश खाली ठेवले आणि होडीच्या काठावर बसला. मग एकदम हसला, पण ते हसू त्याच्या डोळ्यांपर्यंत चढले नाही.

"वा गो बाय! डॉक्टरीण झालंस. आदी नुसती बोंब मारली तरी पल्याडच्या बंदराक ऐकाक येय. आता समोरच्या बापाशीक 'होय' म्हणूक सगळो दर्या फिरान येवचा लागता."

"साखळेन तुमची वाट सोडल्यान," ती म्हणाली. "तिका वाटता, तू बाबांका सोडून जातलंस. खरां सांग. जातलंस? खंयच्या बड्या ट्रॉलरार कामाक?"

"कोणी सांगल्यान तुका?"

"आकड्यान."

"आकड्याक म्हण, एकदा आमच्याकडे जेवाक ये." त्याने पुन्हा फडके उचलले. "मी खंय जावचंय नाय."

"मगे तू असो फिरतंस कित्याक? कधी बाबांच्या फुडे, कधी मागे, कधी खडपाच्या पल्याड. आदी सावलेसारखो बाजूक असायस. माका पडद्यार सगळा दिसता."

"सगळा दिसता तुका?" साईशने विचारले. त्या विचारण्यात टोमणा नव्हता. एक थकवा होता. "मगे ह्या कसा नाय दिसला, की बाबांका मधला दिसणा नाय?"

तिला आधी कळलेच नाही. तो सांगू लागला तेव्हा खाली मान घालून, इंजिनाशी बोलावे तसे सांगू लागला. बाबांना कडेचे दिसते, समोरचे नाही. माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. पाण्यावरचा बोया दिसत नाही, लाटेखाली दडलेला खडप, तो कातळ, दिसत नाही. दिवाळीच्या आधी, खलाशी जाळ्याशी गुंतलेले असताना, त्यांनी होडी थेट खडपाच्या रोखाने घातली होती. साईश आपली होडी आडवी घालून मध्ये शिरला. बाबांना वाटले, पोरगा माजला आहे; त्यांनी त्याला सगळ्या खलाशांदेखत शिव्या घातल्या. तेव्हापासून साईश पुढे जाऊन खडपापाशी उभा राहतो. एवढी मोठी होडी बाबांना डोळ्यांच्या कडेने दिसते, ते तिला टाळून जातात. मग तो मागून येऊन दुसऱ्या बाजूला उभा राहतो. बाबा रोज शिव्या घालतात. तो रोज खातो.

"तू तेका सांगलंस कित्याक नाय?"

"सांगू? दुसऱ्या दिसापासून तो बंदरार बसतलो. येणाऱ्या जाणाऱ्या होडये मोजीत. बंदरार बसलेलो बाबा तू बघशीत, बाय? माका नाय जमाचा." तो थांबला. "तू पण सांगू नको. यंत्र बिघडला म्हण. तुजाच यंत्र, तुजीच जीभ."

"आणि उद्या? परवा? तू फिरत रवलंस तर आकडो खालीच रवतलो. रोज उत्तराक उशीर जातलो."

"मगे आकडो बदल."

नियम बदलायचा तर हंगाम संपल्यावर, सगळ्या होड्या किनाऱ्याला लागल्यावर, सगळ्या डब्यांत एकदम. आणि बदलून तरी काय लिहायचे? साईश पुढे खडपाकडे लांब निघून गेला, की त्या दोघांमधली वाट खरोखरच मोडत होती. तिच्यावर इतरांचे निरोप सोपवले असते, तर ते बुडाले असते. गणित चुकलेले नव्हते. कुणीतरी कुणापासून दूर जाते, मागे पडते, आडवे येते, एवढेच त्याला ठाऊक होते. आणि तेवढ्यावरून ते दुरावा मोजीत होते. प्रदक्षिणा घालणाराही क्षणाक्षणाला दिशा बदलत असतो. त्या हालचालीला गणितात वेगळे अक्षर द्यावे, हे इतक्या वर्षांत तिला सुचले नव्हते.

"बाय," साईश म्हणाला, "सांगू नको हां."

मिथिला मागे वळली. चिखलातून परत येताना तिची पावले जड होत गेली.

*

होडीचे सामान ठेवायच्या मांगरात जाळे पसरलेले होते. छपराच्या फटींतून आलेली तिरपी उन्हे त्याच्या गाठींवर टेकली होती. वडील मांडी घालून बसले होते आणि बोटांनी गाठ गाठ चाचपीत जाळ्याचा मध्य शोधीत होते. बाजूला सुरी होती.

"कोण? चेडू?" त्यांनी पावलांवरून ओळखले.

"होय. बाबा, तेना उत्तर दिल्यान."

त्यांची बोटे थांबली. "ह्या विषयार बोलूचा नसता."

"तुमी बोलू नकात. साईशान बोलू नये. मी जोडीतली नाय. मी बोललंय तर चलता."

वडिलांच्या मिशीखाली काहीतरी हलले. "वकील होवक व्हयी हुतंस तू," ते म्हणाले, पण तिला उठवले नाही. ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. तुमची हाळी सगळ्या होड्यांवरून फिरून त्याच्याकडे गेली, तिने सांगितले. त्याचा 'होय' तसाच फिरून परत आला. तोवर तुम्ही डबा बंद केला होता. प्रत्येक हाळी कानी पडताक्षणी तो बोलला होता. मी स्वतः ऐकले.

"तीनय वेळा?"

"तीनय. वर विचारल्यान, ओढू मां म्हणान."

मोठ्या भरतीनंतर पाणी उतरते आणि ओल्या वाळूवर एक मऊ तकाकी उरते, तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी सुरी उचलून लांब सरकवली. "आणि मी येडो," ते म्हणाले, "सकाळपासून विचार करतंय, पोराचा मन माज्यावरसून कित्याक उडाला. तुज्या आवशीक पण काय सांगाक नाय. तिना भातात मीठ घालूक नाय, ता पण मुकाट्यान खाल्लंय." ते मनापासून हसले. मिथिलाही हसली. इथेच उठून जावे, असे तिला वाटले. एवढे पुरे होते. एवढे खरेही होते.

"पण तो समोर हुतो," वडील म्हणाले. "एका जाळ्याच्या अंतरार. मगे तुज्या यंत्रान आमका एवढो वळसो कित्याक दिल्यान?"

वाक्य तिच्या ओठांवर तयार होते. डबो बिघडलो, बाबा. खाडीपासून इथपर्यंत तिने ते घोकले होते. वडील उत्तराची वाट पाहत तिच्या कानाच्या पलीकडे बघत होते. मग त्यांनी मान आणखी थोडी वळवली, हनुवटी किंचित उचलली, पुन्हा थोडी फिरवली; आणि तिला समजले, की ते नजर चुकवीत नाहीत. डोळ्यांच्या ज्या कडेला अजून उजेड शिल्लक आहे, तिथे ते तिचा चेहरा आणून ठेवू पाहत आहेत. इतके दिवस, प्रत्येक बोलण्यात, हा माणूस आपल्याला पाहण्यासाठी एवढे कष्ट घेत होता.

तिने घोकलेले वाक्य सोडून दिले.

"कारण तो तुमच्या बाजूक रवणा नाय," ती म्हणाली. "तो तुमच्याभोवती फिरता. खडपाच्या नि तुमच्या मधी जावन उभो रवता. यंत्राक ता समाजला नाय. तेका वाटला, तो तुमका सोडून जाता."

बाहेर कुणीतरी होडी वर ओढत होते. त्यांचा एकसुरी 'हैया' येत आणि विरत होता. वडील जाळ्याच्या एका गाठीवरून अंगठा फिरवीत राहिले.

"दिवाळेच्या आदी तो आडवो इल्लो," अखेरीस ते म्हणाले. "तो खडप हुतो?"

"होय."

"मी तेका आवशीवरसून शिवी घातलंय."

"सगळ्यांच्या देखत."

"गप. ता माका म्हायत हा." थोड्या वेळाने ते म्हणाले, "सगळ्यांचा वय झाल्यार दिसूचा कमी जाता. माका वाटला, तितक्यावर भागात. दर्या काय, आवाजारसून पण समाजता." आणि मग अगदी हळू, "नाय भागाक, नाय?"

तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही.

दाराशी साईश आला. रीतीप्रमाणे जाळ्याचे दुसरे टोक धरायला तो आला होता. त्याने दूर सरकलेली सुरी पाहिली, मग बहिणीचा चेहरा पाहिला.

"सांगलंस," तो म्हणाला.

"सांगलंय."

त्याच्या चेहऱ्यावर राग येऊन गेला, आणि रागामागून धास्ती. "बाबा, ता बाय कायतरी फुगवन सांगता," तो घाईने बोलू लागला. "तसा काय एक नाय. मी आपलो मजेत फिरतंय. बांगडो खंय हा, ता बघूक..."

"कितके खडप इले रे माज्या वाटेत?"

साईश अडखळला. "मोजूक नाय."

"थापाड्या," वडील म्हणाले. पण हा शब्द त्यांनी इतक्या मायेने उच्चारला, की साईशला खाली पाहावे लागले.

ते उठले. गुडघे कुरकुरले, मिथिलाने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. अखंड जाळ्याची एक एक घडी घालून त्यांनी ते नीट रचले, कडा जुळवल्या, वरून थोपटले. ज्या हातांनी साईशला पहिल्यांदा वल्हे धरायला शिकवले होते, ते हात काम संपल्यावर काय करावे हे न कळून क्षणभर तसेच लोंबत राहिले.

"उद्यापासून माजी होडी जयवंत चालयतलो," ते म्हणाले. "बरो खलाशी हा. जरा घायकुतो, पण तुज्या सोबत चलात. तो सरळ चललो, तू सरळ चललंस, की हाळयेक उत्तर पण येळेर येतला." त्यांनी मिथिलाच्या दिशेने मान वळवली. "बरोबर मां गो?"

"होय, बाबा."

मग ते मुलाकडे वळले. मान थोडी डावीकडे, हनुवटी थोडी वर. दारातल्या मावळत्या उजेडात उभा असलेला तो आडदांड आकार त्यांच्या डोळ्यांच्या कडेला आला असावा, कारण ते तिथेच थांबले. आयुष्यभर ज्या आवाजाने त्यांनी हाळ्या दिल्या, तो आवाज आता एखाद्या अनोळखी माणसाजवळ बसायला जागा मागावी तसा अवघडलेला, नम्र झाला होता.

"साईश, तुज्या होडयेत माका बसाक जागा आसा?"

साईशने हाताच्या पाठीने नाक पुसले, वाकून ते सबंध जाळे, जे उचलायला नेहमी दोन माणसे लागत, एकट्याने खांद्यावर घेतले, आणि तो वळून, वडिलांना मागोमाग येता यावे इतक्या सावकाश, ओल्या वाळूवरून आपल्या होडीकडे चालू लागला.